गोळी घ्यायची कधी?

आमच्या घरात पत्रकाचा एक नियम होता: शेवटच्या ओळीत दिवस, वेळ आणि जागा. वरती हवी तितकी आग ओका, पण लोकांनी यायचं कधी ते सांगितलं नाही तर कागद फुकट. बाबा रेल्वेत होते आणि युनियनची पत्रकं तेच लिहायचे. एकदा ते स्वतःच वेळ लिहायला विसरले. सभेला चार माणसं आली, त्यातला एक सतरंज्या घालणारा. आई ही गोष्ट दर दिवाळीला पाहुण्यांना सांगते. मी वाचायला शिकले तीही या पत्रकांवर. ‘कमळ’ आणि ‘बदक’ यांच्या आधी मला ‘जाहीर निषेध’ वाचता येत होतं.

नवं राज्य झालं, रायपूर राजधानी झालं, पाट्या रंगवणाऱ्यांना श्वास घ्यायला फुरसत उरली नाही. त्याच सुमारास मला सदर बाजारात, एका सराफी दुकानाच्या वरच्या मजल्यावर नोकरी लागली. तिथे औषध कंपन्यांसाठी छोट्या ॲनिमेशन फिल्म बनायच्या: गोळी पोटात गेल्यावर नेमकं काय करते ते दाखवणाऱ्या. मी लिहायचे, ब्राह्मणपारा मोहल्ल्यातला एक ॲनिमेटर चित्रं हलवायचा आणि आमचे मालक, ज्यांना आम्ही भैया म्हणायचो, दोघांच्या मागे घाई लावायचे.

पहिलं मोठं काम ॲसिडिटीच्या गोळीचं. जठराच्या आतल्या भिंतीत ॲसिड सोडणारे बारीक पंप असतात; गोळी ते बंद करते. ॲनिमेटरला पंप काही केल्या जमेना. मग एका दुपारी खाली सराफाचं शटर पडताना त्याने पाहिलं आणि पंपांना शटरंच लावून टाकली. गुलाबी भिंतीत हजारो दुकानं, धडाधड पडणारी शटरं आणि मागे हटणारी ॲसिडची निळी लाट. एकट्या लाटेला कॉम्प्युटरने दोन दिवस घेतले. शेवटचे दहा सेकंद गोळीचं खोकं गोल फिरायचं. कंपनीने फिल्म पास केली.

मी सीडी घरी नेली. बाबांनाही डॉक्टरांनी तशीच गोळी दिली होती. ते ती जेवण झाल्यावर, ढेकर देऊन घ्यायचे आणि मग छाती चोळत बसायचे.

फिल्म पाहून ते म्हणाले, “मस्त आहे. पण मले सांग, गोळी घ्यायची कधी?”

“म्हणजे?”

“भाषण जोरदार झालं. पब्लिकनं यायचं किती वाजता?”

जेवताना पंप सुरू होतात, म्हणून गोळी त्याआधी पोचायला हवी: उपाशीपोटी, नाश्त्याच्या अर्धा तास आधी. कंपनीच्या कागदांत ते स्पष्ट लिहिलं होतं. मीच वाचलं होतं आणि मीच गाळलं होतं, कारण शटरं छान दिसत होती.

बाबांना हे सांगितलं तर ते हसत सुटले. “म्हणजे दुकानं उघडायच्या आधी पोचायचं. अन् मी सहा महिने बाजार उठल्यावर जाऊन राहिलो.”

दुसऱ्या दिवशी मी ऑफिसात भाषणच केलं. जी फिल्म माणसाला औषध नीट घ्यायला शिकवत नाही ती फिल्म नाही, नुसती जाहिरात आहे, वगैरे.

भैया शांतपणे म्हणाले, “दीदी, यह फिल्म है, पाम्प्लेट नहीं.”

“मग पाम्प्लेट बरं. यातून माझं नाव काढा.”

“आपका नाम है ही कहाँ?”

ॲनिमेटर खो खो हसला. अशा फिल्मवर कोणाचंच नाव नसतं हे मी रागात विसरले होते.

दोन दिवसांनी कंपनीच्या मॅडम शेवटची प्रत घ्यायला आल्या. भैया चहा सांगायला वळले तेवढ्यात मी विचारलं, “मॅडम, ही फिल्म बघून गोळी कधी घ्यायची ते कळतं का?”

“मुझे तो पता है.”

“माझ्या बाबांना माहीत नव्हतं. सहा महिने जेवणानंतर घेत होते.”

मॅडमनी फिल्म पुन्हा लावायला सांगितली. खोकं फिरून थांबलं तेव्हा त्या हळूच म्हणाल्या, “मेरी मम्मी भी खाने के बाद ही लेती हैं.” मग गॅलरीत जाऊन त्यांनी कंपनीच्या डॉक्टरांना फोन केला. परत आल्या त्या दोन अटी घेऊन: वेळेचं सांगा, पण फिल्म एक सेकंदही वाढता कामा नये, आणि खोकं जाणार नाही.

मग कापायला उरलं काय? निळी लाट. ॲनिमेटरने माझ्याकडे असं पाहिलं, की मी मान खाली घातली. तत्त्व माझं होतं, लाट त्याची गेली. तरी घड्याळ त्यानेच काढलं, आणि घड्याळाशेजारी झाकून ठेवलेली, वाट पाहणारी पोह्यांची बशी. ती बशी माझ्या लिखाणात नव्हती. माझ्याशी सरळ बोलायला मात्र त्याने माझ्याकडून तीन कचोऱ्या घेतल्या.

घरी आता बाबा सात वाजता गोळी घेतात आणि मनगटावरचं घड्याळ काढून समोर ठेवतात. छाती चोळणं थांबलंय. पण त्यांचा अर्धा तास होईपर्यंत कोणीच पोह्यांना हात लावायचा नाही.

“गोळी तुम्ही घेतली,” आई म्हणते, “आम्ही काहून उपाशी?”

“अजून सहा मिनिटं,” बाबा म्हणतात, आणि बशीवर झाकण ठेवतात.