मी स्टेजवर पकडलेली चिठ्ठी

हातातला कप आधी खाली ठेवा बरं. ठसका लागला तर पुन्हा मलाच बोल लावाल! तसे मूर्खपणाचे प्रकार माझ्या हातून पुष्कळ झालेत. खिरीत मीठ घातलंय, दुसऱ्याच्या स्कूटीला माझी चावी लावून लावून त्या स्कूटीलाच शिव्या दिल्यात. पण ते सगळे घरगुती. भरलेल्या सभागृहात, माइक हातात घेऊन, भाषणासकट केलेला मूर्खपणा मात्र एकच. तोच सांगते.

मी इंदूरच्या एका शाळेत गणित शिकवते. माहेर महूचं. आजोबा फौजेत, बाबा फौजेत. आमच्या घरात शिस्त अशी की दूधसुद्धा परवानगी घेऊन उतू जायचं. ती शिस्त मी शाळेत आणली आणि परीक्षेच्या वर्गावर तर माझी दहशतच बसली. मोज्यातली चिठ्ठी, कंपासपेटीच्या झाकणातली चिठ्ठी, प्लॅस्टरच्या आतली चिठ्ठी! पोरगं नुसतं घाम पुसायला लागलं तरी मला कळतं रुमालात काय आहे ते. पोरं मला पाठीमागे 'एक्स-रे मॅडम' म्हणतात. पाठीमागे कसलं, आता तर तोंडावरच म्हणतात.

तर झालं काय, आमच्या शाळेची टीम आंतरशालेय क्विझला निघाली होती. टीमला नेणारे सर नेमके बहिणीच्या लग्नाला गेले आणि प्राचार्यांनी मला बोलावलं.

"मेश्राम मॅडम, तुम्ही जा टीमबरोबर."

"सर, मला क्विझमधलं काय कळतं?"

"कळायचं काय त्यात? मुलं उत्तरं देतील. तुम्ही फक्त डिसिप्लिन बघा."

बघा म्हणजे! डिसिप्लिन बघायला सांगितलं होतं मला. हे लक्षात ठेवा, माझ्या बाजूने बोलण्यासारखं एवढं एकच आहे या किश्श्यात.

टीम दोघांची. कॅप्टन तन्वी, बारावीची. आमच्यासारखंच मराठी घर, चष्मा, शांत पोर. दुसरा हर्षित, दहावीचा, देपालपूरहून रोज बसने येणारा, आणि शांत अजिबात नाही. जिंकणारी टीम राज्यस्तरावर भोपाळला जाणार होती. आमची शाळा कधी फायनलपर्यंतही पोचली नव्हती. आणि तन्वीचं हे शेवटचं वर्ष. सहावीपासून ती या स्पर्धेला यायची आणि दर वर्षी पहिल्याच फेरीत बाहेर पडून परत यायची. व्हॅनमध्ये मला म्हणाली, "मॅडम, बस एकदा भोपाळ बघायचंय. असं फिरायला नाही. टीम म्हणून."

मी तिच्या पाठीवर थाप मारली. मनात म्हटलं, पोरी, तुझ्यावर आज कोणी अन्याय करून तर बघू दे!

सकाळी लेखी फेरी झाली. सगळ्या शाळा एकदम बसून पेपर लिहितायत, हे मला कळलं. मग चित्रांची फेरी, तीही कळली. मग बझरची. त्यात हर्षितने बझरवर असा हात मारला की टेबल हललं आणि शेजारच्या टीमचं पाणी सांडलं. पण उत्तर बरोबर! असं करत करत आमची पोरं फायनलला पोचली की! मी टाळ्या वाजवून वाजवून हात लाल करून घेतले.

फायनलमध्ये चार टीम. आमच्यापेक्षा थोडीशीच पुढे एक ब्लेझरवाली शाळा होती, टाय असा घट्ट की पोरांना श्वास कसा येत होता देव जाणे. क्विझमास्तर, म्हणजे प्रश्न विचारणारा तरतरीत तरुण, माइकवर म्हणाला, "फायनल का फॉर्मेट थोड़ा अलग है, रूल्स ध्यान से सुनिए."

मी कान टवकारले. आणि पर्समध्ये फोन वाजला. प्राचार्य!

मी धावत बाहेर लॉबीत.

"मॅडम, फायनलला पोचलो म्हणे आपण? व्वा! हे बघा, नियम नीट ऐकून घ्या. गेल्या वर्षी आपली मुलं नियम न कळल्यामुळे हरली."

"हो सर, तेच सांगतायत आत…"

"फायनलचे नियम वेगळे असतात. एकेक नियम महत्त्वाचा असतो. मी तुम्हाला सांगतो…"

आणि ते सांगत राहिले! नियम काय आहेत ते नव्हे. नियम ऐकणं किती गरजेचं आहे ते. मी आत आले तेव्हा नियम संपून प्रश्न सुरू झाले होते.

माझ्या शेजारी दुसऱ्या शाळेचे एक सर बसले होते, मांडीवर शेवेचं पाकीट उघडं. त्यांची टीमही स्टेजवर होती, सगळ्यात मागे, पण त्यांना त्याचं काही नव्हतं. मी जरा स्थिरावते न स्थिरावते तोच माझ्यातला एक्स-रे चालू झाला.

ब्लेझरवाल्यांतली एक मुलगी टेबलाखाली वाकून काहीतरी लिहीत होती. गळ्यात आयोजकांचा बिल्ला घातलेली एक कॉलेजची पोरगी मागून आली, त्या मुलीने हळूच कागद तिच्या हातात सरकवला, आणि बिल्लेवाली काही झालंच नाही अशा चेहऱ्याने निघून गेली.

चिठ्ठी! भर स्टेजवर! दिवसाढवळ्या!

मी शेजारच्या सरांना कोपराने ढोसलं. "सर, तिकडे बघा. चिठ्ठी दिली!"

"हाँ, दी ना," ते शेव चघळत म्हणाले.

"अहो, ब्लेझरवाल्यांनी दिली!"

"सब दे रहे हैं मैडमजी. हमारे बच्चों ने भी दी थी अभी. गलत निकल गई." आणि वर मला विचारतात, "आपकी टीम ने दी क्या?"

मी गारच पडले. एक शिक्षक! तोंडात शेव धरून सांगतोय की आमची पोरं चिठ्ठ्या देतात, आणि वाईट कशाचं वाटतंय, तर ती चुकीची निघाली याचं!

"आमची मुलं असलं करत नाहीत," मी म्हटलं.

"अरे, तो बोलो ना उनको! बिना चिट्ठी के जीतोगे कैसे भिया?"

मला भिया, म्हणजे चक्क 'भाऊ', म्हणाला! पण तो अपमान मी गिळला, कारण मोठं संकट समोर होतं. अख्खं सभागृह सामील! बिल्लेवाली सामील, क्विझमास्तरला दिसत असून तो गप्प, आणि पुढच्या रांगेतले पाहुणे चक्क हसतायत. मला वाटलं, एवढ्या मोठ्या हॉलमध्ये प्रामाणिक म्हणून आपण तिघंच उरलो. मी, तन्वी आणि हर्षित.

शेवटचा प्रश्न आला. पडद्यावर नकाशा. माळव्यात उगम पावणारी कोणती नदी कर्कवृत्त दोनदा ओलांडते? ब्लेझरवाले लगेच लिहायला लागले. मी हताशपणे आमच्या पोरांकडे बघितलं.

तन्वी लिहीत होती.

माझी तन्वी! टेबलावर हाताचा आडोसा करून! आणि हर्षित इकडेतिकडे बघत पहारा देत होता!

काय झालं असेल माझं, सांगा. राग नाही आला हो, रडू आलं. भोपाळसाठी एवढी चांगली पोर वाट चुकली! वाटलं, गप्प बसावं, पोरीचं शेवटचं वर्ष आहे. पण आजोबांची मिशी डोळ्यासमोर आली आणि मी उठले. शेजारचे सर म्हणाले, "मैडमजी, वॉशरूम पीछे है."

मी पुढे गेले. स्टेजच्या पायऱ्या चढले. बिल्लेवालीच्या हातात तन्वीची चिठ्ठी पडते न पडते तोच मी तिचं मनगट धरलं, अगदी बोर्डाच्या परीक्षेत धरते तसं, आणि चिठ्ठी काढून घेतली. क्विझमास्तर म्हणाला, "मैडम, आप…" तर त्याच्या हातातला माइकही घेतला.

"माफ करा," मी म्हणाले. "पण इथे जे चाललंय ते एक शिक्षिका म्हणून मला बघवत नाही. सगळे चिठ्ठ्या देतात, सगळ्यांना माहीत आहे, आणि कोणी बोलत नाही! मी दुसऱ्यांकडे बोट दाखवणार नाही. ही चिठ्ठी माझ्या स्वतःच्या शाळेची आहे. आमची टीम हरली तरी चालेल, पण मी हे लपवणार नाही. यात जे लिहिलंय ते मी सगळ्यांसमोर वाचून दाखवते!"

तन्वी दोन्ही हात हलवत होती. मला वाटलं, क्षमा मागतेय.

मी चिठ्ठी उघडली आणि खणखणीत आवाजात वाचलं, "माही नदी!"

मग मागून कोणीतरी ओरडलं, "सही जवाब!" आणि जो हशा उसळला म्हणता!

क्विझमास्तरने डोकं धरलं होतं. मला बाजूला घेऊन म्हणाला, "मैडम, ये चोरी नहीं है. ये पाउन्स है. फॉर्मेट है हमारा."

आणि मग त्याने मला ते नियम सांगितले, जे सगळ्या हॉलला माहीत होते. ज्या टीमला उत्तराची खात्री असेल तिने ते गुपचूप लिहून द्यायचं. बरोबर आलं तर दुप्पट गुण, चुकलं तर गुण कापले. गुपचूप कशासाठी? तर बाकीच्या टीमना उत्तर ऐकू जाऊ नये म्हणून! आणि मी ते माइकवरून शेवटच्या रांगेपर्यंत पोचवलं होतं.

प्रश्न अर्थातच रद्द. तन्वीचं उत्तर बरोबर होतं. मी गप्प बसले असते तर पोरगी जिंकण्याच्या उंबऱ्यावर होती. मी खाली मान घालून जागेवर आले. आजोबांची मिशी कुठे दिसेना. शेजारच्या सरांनी पाकीट पुढे केलं. "सेव खाओ मैडमजी. होता है."

बदली प्रश्न आला. पडद्यावर फोटो, तपकिरी रंगाचे छोटे छोटे चौकोनी तुकडे. हे कोणी तयार केले? मला तर सियागंज बाजारातल्या गुळाचे खडे वाटले. ब्लेझरवाल्यांनी चिठ्ठी दिली.

आणि तन्वीने पेन उचललं, थांबली, आणि माझ्याकडे बघितलं. लिहू का, म्हणून! अख्खं सभागृह वळून माझ्याकडे बघायला लागलं. मग मीही उभी राहिले आणि ओरडले, "लिही गं बाई! दे चिठ्ठी! दोन दे!"

हॉल पुन्हा हसायला लागला. पण तन्वीने लिहिलं.

ब्लेझरवाल्यांच्या चिठ्ठीत निघालं: प्राचीन काळचे फासे. चूक, गुण कापले. आमच्या चिठ्ठीत: वॉम्बॅट. हा ऑस्ट्रेलियातला एक गुबगुबीत प्राणी, आणि ते तुकडे म्हणजे त्याची लेंडी. जगात चौकोनी घन लेंडी टाकणारा हाच तो एक! मी इतकी वर्षं घनाचं घनफळ शिकवतेय, पण हे मला कोणी सांगितलं नव्हतं.

जिंकलो हो! हर्षित टेबलावरून उडी मारून आला. तन्वी रडत होती, हसत होती, आणि मी तर आधीपासूनच रडत होते. ती माझ्या गळ्यात पडली तेव्हा मी म्हटलं, "तन्वी, माफ कर गं. मी तुझ्यावर संशय घेतला." ती म्हणाली, "मॅडम, तुम्ही आमची टीम हरली तरी चालेल म्हणालात ना, तेव्हा मला तुमचा जाम राग आला. पण सच्ची सांगू? थोडं भारीपण वाटलं."

आता तुम्ही म्हणाल, शेवट गोड झाला. झाला ना! भोपाळलाही मीच गेले. प्राचार्य दुसरं कोणाला तरी पाठवत होते, पण तन्वी हट्टाला पेटली, "मेश्राम मॅडमच पाहिजेत." मी काय फुगले म्हणता त्या दिवशी!

भोपाळचं सभागृह केवढं तरी. तन्वी माझ्या आधी आत जाऊन सगळीकडे फिरून आली, आणि माझा हात धरून मला थेट वर बाल्कनीत घेऊन गेली. पहिली रांग, मधली खुर्ची. पाण्याची बाटलीसुद्धा ठेवलेली. मी म्हटलं, "अगं, एवढ्या वर कशाला? खाली बसले असते की."

"नाही मॅडम, इथून छान दिसतं," ती म्हणाली आणि पळाली.

खरंच छान दिसत होतं. सगळ्या टीम, सगळ्या चिठ्ठ्या, सगळं. तिसऱ्या प्रश्नानंतर माझ्या लक्षात आलं की त्या बाल्कनीतून स्टेजकडे जायला जिनाच नव्हता.