जावई पत्त्यावर राहत नाही

दुपारच्या औषधांची ट्रॉली घेऊन मी वॉर्डात होते. महाडच्या एका खाजगी हॉस्पिटलात मी नर्स आहे. खिडकीजवळच्या पेशंटला गोळी दिली आणि खिशातला फोन थरथरला. नवऱ्याच्या व्हिसाला मुदतवाढ मिळावी म्हणून आम्ही अर्ज केला होता, त्याचं उत्तर आलं होतं. ‘स्थानिक चौकशीत अर्जदार नमूद पत्त्यावर राहत नसल्याचे आढळून आले. सात दिवसांत खुलासा सादर करावा.’

तळपायाची आग मस्तकात गेली. राहत नाही? मग सकाळी माझा डबा भरून दिला तो कोण होता, भूत? मी ईमेल वाचत होते त्या क्षणीसुद्धा तो आमच्या पडवीत माझ्या वडिलांच्या कमरेला हात घालून त्यांना या टोकापासून त्या टोकापर्यंत चालवत असणार. साडेतीन म्हणजे त्यांची चालायची वेळ. व्हिसा संपायला एकोणीस दिवस उरले होते. मुदतवाढ मिळाली नाही तर त्याला देश सोडावा लागणार होता, आणि परत कधी येता येईल ते कुणीच सांगू शकत नव्हतं.

माझा नवरा फिलिपिन्सचा. आखातातल्या एका हॉस्पिटलात आम्ही दोघं एकाच वॉर्डात नर्स होतो. वडिलांना लकवा झाला, उजवी बाजू गेली. आई आधीच गेलेली, मला भाऊ नाही. मी परत निघाले. तो म्हणाला, मीही येतो. बाजारात येतो म्हणावं तितक्या सहज म्हणाला. जिल्ह्याच्या गावी आम्ही लग्न नोंदवलं, मग वाडीतल्या विहारात वंदना झाली, हार घातले, आणि आम्ही संसाराला लागलो.

आमची बौद्धवाडी महाड आणि पोलादपूरच्या मधे, हायवे सोडून थोडी आत. चौदा घरं. शेवटचं आमचं. या व्हिसावर त्याला नोकरी करता येत नाही, म्हणून मी हॉस्पिटलात जायचे आणि तो घरी वडिलांचं सगळं करायचा. बाई कामाला आणि बाप्या घरात, याचं वाडीला पहिले दोन महिने भारी हसू आलं. मग अंथरुणाला खिळलेला माणूस काठी धरून पडवीत उभा राहिला, आणि हसणारे बी.पी. बघून घ्यायला याच्याकडे यायला लागले. त्याला तिन्ही वेळा भात लागतो, सुकट भाजल्याचा वास आला की तो दुसऱ्याच्या चुलीपर्यंत जातो. मराठीही तो वाडीचीच बोलतो. मी नर्सिंग कॉलेजात शिकलेली, माझं ‘नाही’ आणि ‘आहे’ ऐकून तो मला सुधारतो, “नाय म्हन. हाय म्हन.”

आणि माझी फाईल! त्या फाईलचा मला अभिमान होता. पासपोर्ट, लग्नाचं प्रमाणपत्र, विजेचं बिल, वडिलांच्या नावची घरपट्टी, जोडीने काढलेला फोटो. वर माझं हमीपत्र, की या माणसाच्या वागण्याची जबाबदारी माझी. आता मला सांगा, कुठली बायको नवऱ्याच्या वागण्याची हमी सरकारला देते? पण दिली. एक कागद कमी नव्हता.

ड्यूटी संपल्यावर मी पोलीस ठाण्यात फोन लावला. चौकशीला आलेले हवालदारच फोनवर आले.

“मॅडम, मी स्वतः आलो होतो मंगळवारी. चार घरांत विचारलं. चौघंही म्हणाले, असा कोणी इथे राहत नाही. पहिल्या घरातली म्हातारी तर म्हणाली, तो गेला आपल्या देशाला, झाले दोन महिने.”

“आणि तुम्ही आमच्या घरापर्यंत आलाच नाहीत?”

“यायला पाहिजे होतं. कबूल. पण चौघंजण एकच सांगतात म्हटल्यावर...”

पहिलं घर माझ्या काकीचं. वारलेल्या चुलत्याची बायको. तिच्या मनात तिच्या भावाचा मुलगा माझ्यासाठी होता. माझ्या लग्नाच्या जेवणाला ती आली, पानावर बसली नाही, तशीच गेली. तेव्हापासून वीस महिने माझ्याशी सरळ बोललेली नव्हती. वडिलांना भेटायला यायची, ते मी कामावर असताना. तिने डाव साधला असं मी एसटीत बसल्या बसल्या ठरवूनच टाकलं. फाट्यावर उतरले ती घरी गेलेच नाही. तिच्या अंगणात उभी राहिले.

ती वाल पाखडत होती.

“काकी, पोलिसांना तू सांगितलंस की तो इथे राहत नाही?”

“व्हय. मीच सांगितला.” सूप खाली ठेवायचीही तिला गरज वाटली नाही.

“लाज नाही वाटली? माझा संसार मोडून तुला काय मिळणार आहे?”

मी आणखीही बरंच बोलले. ते इथे लिहीत नाही, कारण पुढे मला ते गिळावं लागलं. ती ऐकत राहिली आणि मग म्हणाली, “झाला तुझा? आता माझा ऐक. तुझ्या काकाला इचारीत असाच एक पोलीस आलावता. मी त्याला पानी दिला प्यायला. म्हटला, शेतावर हाय, बोलावते. मीच बोलावून आनला गो. कंपनीत मारामारी झालीवती, ह्याचा हातसुदिक नवता तिच्यात. आठ दिवस आत ठेवला. परत आला तो निराळाच मानूस आला. आता कोन पोलीस इचारायला आला, तर मी माझ्या मानसाचा पत्ता सांगेन व्हय?”

माझ्या माणसाचा, म्हणाली ती. मला एकदम खाली बसावंसं वाटलं. बसलेच, तिच्या उंबऱ्यावर. तिने उरलेले वाल पाखडून घेतले आणि मला घरी जा म्हणाली.

बाकीच्या तिघांचं तर काय सांगावं. दुकानवाल्या भाऊंना वाटत होतं मी आभार मानायला आले. “पोलिसाला बराबर वाटेला लावला ना आमी?” गवंडीकाम करणाऱ्या दादाने हवालदारांना वर पुढच्या वाडीचा रस्ताही दाखवला होता. आणि चौथे आमचे गुरुजी, रिटायर्ड शिक्षक, ज्यांनी माझ्या नवऱ्याला बाराखडी शिकवली!

“गुरुजी, तुम्हीसुद्धा?”

“अगं, तिघांनी नाही म्हटलेलं मला कळलं होतं,” ते चष्मा पुसत म्हणाले. “मी एकट्याने हो म्हणून वाडीला खोटं पाडू का?”

मी कपाळाला हात लावला. चौदा घरांत माझ्या नवऱ्याचा एकही वैरी नव्हता, आणि त्याच मायेपायी त्याला देशाबाहेर काढायची वेळ आली होती. वाडीचा जावई पोलिसांच्या हाती द्यायचा नाही, एवढं त्यांना कळत होतं. व्हिसा नावाचं काही असतं आणि ते विचारून देतात, हे कुणी त्यांना सांगितलंच नव्हतं. मीही नाही. चूक खरी माझी होती. वीस कागद गोळा केले मी, आणि चौदा घरांत जाऊन सांगितलं नाही की पोलीस येणार आहे, घाबरू नका.

दुसऱ्या दिवशी मी रजा टाकून ठाण्यात गेले. हवालदार माणूस वाईट नव्हते. त्यांनी बसायला खुर्ची दिली, पण म्हणाले, “नव्याने चौकशी करतो. मात्र ज्या चौघांनी नाही म्हटलं, त्यांनीच इथे येऊन हो म्हणावं लागेल. नवीन माणसं आणलीत तर वर विचारतील, आधीचे चार खोटे की हे चार खोटे. जबाब त्यांचेच हवेत.”

इथून खरी कसरत सुरू झाली. ठाण्यात यायचं म्हटल्यावर सगळ्यांचे चेहरे पडले. “आमी तुझ्यासाठीच बोललो आनि आता आमालाच अडकवतेस?” भाऊ म्हणाले. दादाला वाटत होतं, खोटं बोलल्याची केस होईल आणि त्याला बांधकामावरून उचलतील. मी एकेकाच्या दारात तीनतीनदा गेले. समजावलं, चिडले, पुन्हा समजावलं. भाऊंच्या दुकानात तर मी पोत्यावर बैठकच मारली. म्हटलं, हो म्हणेपर्यंत उठणार नाही, गिऱ्हाइकं गेली तर जाऊ देत. गुरुजी आधी तयार झाले, त्यांना स्वतःचीच शरम वाटत होती. मग भाऊ. गुरुजी शेजारी उभे राहणार असतील तर दादाही. काकी मात्र हलेना. “ठान्याची पायरी मी चढनार नाय. बाकी काय सांगशील ता करीन.” तिच्यावर मला जोर करवेना.

तीन जबाबांवर भागेल का, असं हवालदारांना फोनवर विचारलं. म्हणाले, सगळ्यात पक्का नकार त्या म्हातारीचाच लिहिलाय, मॅडम.

नवरा मला म्हणाला, “मी एकदा जाऊन परत येईन. इतकं काय त्यात.” गंभीर बोलणं आम्ही दोघं इंग्रजीतच करतो, आणि इंग्रजीत भांडता येत नाही मला नीट. मी मराठीत भांडले. परत येईन म्हणजे कधी? तोवर बाबांना कोण उचलणार? मला कोण आहे? त्याने सगळं ऐकून घेतलं आणि भात टाकायला गेला.

दुसऱ्या दिवशी सकाळी बघते तर वडिलांच्या कॉटजवळ भिंतीला मोठा कागद चिकटवलेला. वेड्यावाकड्या देवनागरीत लिहिलं होतं: ‘बाबा. उजवा पाय दहा वेळा. चमचा उजव्याच हातात देने. सांडला तरी देने. रागावले तर गप बसने. रोज साडेतीन चालने.’ तो जायची तयारी करत होता. सामानाची नव्हे, आमची. मी मोरीत जाऊन नळ सोडला आणि हुंदके देऊन रडले. मग तोंड धुतलं, केस बांधले आणि ड्यूटीला निघाले. तो कागद फाडून टाकावासा वाटत होता, पण त्याच्या हातचा होता.

त्या दुपारी काकी नेहमीसारखी वडिलांना बघायला आली. वडिलांनीच मला नंतर अडखळत सांगितलं. ती प्रौढ शिक्षणाच्या वर्गात वाचायला शिकलेली आहे. भिंतीसमोर उभी राहून तिने तो कागद एकेक अक्षर लावत वाचला. पुरा. वडील म्हणाले, दोनदा वाचला. मग निघून गेली.

शनिवारी सकाळी आम्ही चौघं फाट्यावर रिक्षाची वाट बघत उभे होतो. गुरुजी, भाऊ, दादा आणि मी. वाडीच्या वाटेने काकी येताना दिसली. विहारातल्या कार्यक्रमाला नेसते ती पांढरी साडी नेसली होती. रिक्षात माझ्या शेजारी बसली आणि माझा हात इतका घट्ट धरला की माझी बोटं दुखली. ठाण्याच्या पायरीपाशी ती थांबली. मी म्हटलं, काकी, राहू दे, नको येऊ. ती म्हणाली, “गप ग,” आणि चढली.

तिघांचे जबाब झाले. मग हवालदारांनी तिला विचारलं, “मावशी, मागच्या वेळी नाही म्हणालात. आता हो म्हणताय. का?”

“तवा तू नाय सांगितलास, कशाला इचारतोस ता.”

“बरं. तो राहतो ना वाडीत?”

“ऱ्हातो.”

“तुमचं नातं काय त्यांच्याशी?”

वीस महिन्यांत तिने त्याचा उल्लेख ‘तो हिचा’ असाच केला होता.

“जावई,” काकी म्हणाली. “माझा जावई हाय. लिव.”

हवालदारांनी लिहिलं आणि वाचून दाखवलं, “सदर इसम नमूद पत्त्यावर पत्नी व सासऱ्यांसह—”

“इसम नको. जावई लिव म्हटला ना तुला.”

हवालदार हसले. त्यांनी खाडाखोड केली, तिथे सही करायला लावली. तिने एकेक अक्षर जपून काढलं. तिच्या हातून पेन घेता घेता हवालदार म्हणाले, “आणि मावशी, पुन्हा कोणी पोलीस विचारायला आला तर खरं सांगाल ना?”

“आधी इचारीन त्याला,” काकी म्हणाली, “ठेवायला आलास का न्यायला?”

“ठेवायला, मावशी,” हवालदार म्हणाले आणि कागदावर शिक्का मारला.

आठ दिवसांनी, व्हिसा संपायला चार दिवस असताना, मुदतवाढ आली. मी वॉर्डातच होते. आधी नवऱ्याला कळवलं. त्याने तिथल्या तिथे वडिलांना सांगितलं, मागून त्यांचं मोठ्याने हसणं ऐकू आलं. मग काकीला फोन केला.

“काकी, झालं काम. मिळाली मुदतवाढ.”

“किती?”

“एक वर्ष.”

“येकच वर्स?” ती कडाडली. “जावयाला येकच वर्स? तू लवकर ये घरी. आपन परत ठान्यात जाऊ.”