सत्त्याण्णव पॉइंट सहा

कोणी काहीही विचारलं की ती आधी एक बोट वर करायची. म्हणजे थांबा. हातातलं रीडिंग लिहून झाल्याशिवाय ती साहेबालाही उत्तर देत नसे.

आम्ही दोघं वीज उपकेंद्रात ऑपरेटर. भोवती धानाच्या बांध्या, मध्ये आमचा ट्रान्सफॉर्मर. दर तासाला त्याच्या तेलाचं तापमान पाहायचं आणि लॉगशीटमध्ये भरायचं. ती आकडा आधी डाव्या तळहातावर लिहायची, मग कागदावर.

एक दिवस मला म्हणाली, "भाऊ, तुमच्या नाईट मले द्या. तीन महिने."

तुम्हीच सांगा, नाईट कोणी मागून घेतं का? आमच्याकडे नाईट चुकवायला लोक एकाच आजोबाला तीनदा मारतात. मी कारणसुद्धा विचारलं नाही. न जाणो, बाईचा विचार बदलायचा.

पुढच्याच महिन्यात मुलीच्या लग्नाची पत्रिका घेऊन मी आंधळगावला तिच्या घरी गेलो. भर दुपार. दारात बाजेवर तिची सासू काठी घेऊन बसलेली. काठी कोंबड्यांना आणि पाहुण्यांना एकच होती.

"सून ड्युटीवर आहे," म्हातारी म्हणाली.

मी म्हटलं, मावशी, मी तिच्याच ड्युटीवरचा, तिची तर रात्रपाळी आहे. तर म्हणे, दिवसाची ड्युटी झोपायची आहे, दोन वाजेपर्यंत कोणी आवाज करायचा नाही. मी मुकाट बसलो. दोन वाजले तशी खिडकीतून ती दिसली. पडल्या पडल्या तोंडात थर्मामीटर. माझ्याकडे पाहिलं आणि बोट वर केलं.

मी तिथूनच ठरवलं, टायफॉइड. दुसऱ्या दिवशी अख्ख्या उपकेंद्राला सांगूनही टाकलं.

खरं काय ते बाहेर आलं एका सकाळी. मी तिला ड्युटीवरून सोडवायला पोचतो, तर साहेब आधीच हजर, शर्टाची बटणं खालीवर. लॉगशीटमध्ये रात्री अकराला तेलाचं तापमान सत्त्याण्णव पॉइंट सहा! एवढ्या तापमानाला तर ट्रान्सफॉर्मर केव्हाच बंद पडायला हवा. तो बापडा बाहेर शांतपणे गुणगुणत होता.

तिनं तळहात पाहिला आणि कपाळावर हात मारला. "साहेब, तो ठीक आहे. हे टेम्परेचर माह्यं आहे."

मग तिनं तिच्या कपाटाचं दार उघडलं. आतून चिकटवलेला जुन्या लॉगशीटचा पाठकोरा कागद, त्यावर आलेख. कालच्या चौकटीत अठ्ठावन्न. तळहातावर दोन्ही आकडे शेजारी, उतरवताना ट्रान्सफॉर्मरचा आकडा स्वतःला आणि स्वतःचा ट्रान्सफॉर्मरला. हा कागद तिच्या भंडाऱ्याच्या डॉक्टरीणबाईपुढे गेला असता, तर त्यांनी तिला थेट चितेवरून उतरवायला माणसं पाठवली असती.

साहेब गेल्यावर तिनं मला सगळं सांगितलं. लग्नाला सहा वर्षं. दोघांच्या तपासण्या नॉर्मल, फक्त मूल नाही. डॉक्टरीणबाईंनी सांगितलेलं, पूर्ण झोपेतून उठल्याबरोबर, बोलायच्याही आधी, तापमान घ्यायचं. बीज सुटलं की ते अर्धा-एक डिग्री चढतं. पण दर आठवड्याला ड्युटीची पाळी बदलली की झोप बदलते आणि आलेख बकरीसारखा उड्या मारतो. म्हणून एकच पाळी. कागद घरी ठेवला तर येणारीजाणारी वाचते, म्हणून कपाटात. माझा टायफॉइड मी गुपचूप मागे घेतला. साहेब सत्तावीसचे, बिनलग्नाचे. त्यांनी जातानाच आकडा खोडून सही केली होती आणि पुढे आठवडाभर तिच्याकडे पाहिलं नाही.

चढलेली रेघ टिकली तर आशा, उतरली की महिना गेला. उतरली की ती, लाइन बंद पडल्यावर आम्ही म्हणतो तसं, म्हणायची, "ट्रिप झाला, भाऊ. पुन्हा चार्ज करू." पहिले दोन महिने हसत म्हणाली. तिसऱ्या महिन्यात माझ्याकडे पाठ करून म्हणाली आणि पॅनलच्या काचा कितीतरी वेळ पुसत राहिली. मला फार वाईट वाटलं. म्हटलं, पुढच्या महिन्याच्या नाईटही तुझ्याच.

चौथ्या महिन्यात रेघ चढली ती पंधरा दिवस उतरलीच नाही. मी सकाळी रजिस्टरवर सही करायच्या आधी कपाट उघडून पाहू लागलो. सोळा. सतरा. अठराव्या दिवशी विचारलंच. तिनं बोट वर केलं.

पुढच्या सोमवारी गेटवर गाठून म्हणाली, "भाऊ, तुमच्या नाईट वापस घ्या. डॉक्टरीण आता जागू नको म्हणते."

तीस वर्षांच्या नोकरीत नाईट लागली म्हणून डोळ्यांत पाणी यायची ती पहिलीच वेळ. शिवी घालून लपवलं.

ती रजेवर गेली आणि रजेतूनच तिची लाखांदूरकडे बदली झाली. ती जायच्या आधी एकदा मी झबलं घेऊन आंधळगावला गेलो. दुपारच होती. म्हातारी बाजेवर, काठी हातात.

"आता नाही जी," ती हळूच म्हणाली. "पोरगी रातभर जागते. दोघी आत्ताच झोपल्या."

मी दारातूनच वाकून पाहिलं. चिमुकली मूठ आईच्या तळहातावर होती. मी आत जायला पाय उचलला, तर डोळेही न उघडता तिनं दुसऱ्या हाताचं बोट वर केलं.

झबलं म्हातारीच्या हातात देऊन मी निघालो. मलाही थोडं झोपायचं होतं, रात्री ड्युटी होती.