अक्काच्या तळहातावरचे थेंब

हे मंजिरीला, म्हणजे माझ्या बायकोला, माहीत नाही. अक्कालाही नाही. तुम्हाला सांगतोय, कारण तुम्ही त्या दोघींना ओळखत नाही. भित्रा माणूस असाच जागा बघून तोंड उघडतो.

अक्का माझी थोरली बहीण. आई लवकर गेली. मला न्हाऊ-माखू घातलं ते हिनंच. तुळजापुरात देवळाच्या वाटेवर तिचं हळद-कुंकवाचं दुकान आहे. वर्षानुवर्षं पुड्या बांधून तिच्या तळहाताच्या रेषा लाल झाल्यात. कितीही घासा—जात नाहीत.

मी धाराशिवला बँकेत. पुण्याच्या मेहुण्यानं मला सॅनिटायझरची एक बाटली भेट दिली होती—साधी नव्हे, चंदन-मोगऱ्याच्या वासाची, चामड्याच्या कव्हरातली, बॅगेला अडकवायची. रिक्षातून उतरलो की दोन थेंब. कुणाशी हात मिळवला की दोन थेंब. स्वच्छता कसली? रुबाबच जास्त.

मुलाचं जावळ काढायला आम्ही सगळे तुळजापूरला गेलो. आमच्यात पोर मामाच्या मांडीवर बसतं आणि केस आत्यानं पदरात झेलायचे असतात. सासरची मंडळी नटूनथटून आलेली. अक्का दुकानातून तशीच धावत आली, आणि मंजिरीनं—हे नीट ऐका—मंजिरीनं आपणहून पोर तिच्यापुढं धरलं. अक्कानं हात पसरले. लाल, भेगाळलेले हात. मेहुण्याची नजर त्या हातांवर गेली. की मलाच तसं वाटलं? काही का असेना, मी मध्ये शिरलो. अक्काला बाजूला घेतलं, बाटली काढली आणि हळूच म्हणालो, "आधी हे लाव. मंजिरीला चालत नाही तसं."

मंजिरीचं नाव का घेतलं मी? लाज मला वाटत होती. मला!

अक्का चिडली नाही. तीर्थ घ्यावं तसा तिनं हात पुढं केला. "वत की. लई ग्वाड वास हाय रे." भेगांत झोंबलं असणार, कारण तिनं डोळे घट्ट मिटले. कुंकू विरघळून मनगटावर ओघळलं, रेषा मात्र लालच राहिल्या. तिनं हात उलटसुलट करून पाहिले आणि पदराआड घेतले. पदराची दोन टोकं धरून केस झेलले, पण पोराला शिवली नाही. "ऱ्हाऊ दे," म्हणाली, "तिला आवडत न्हाय तर कशाला?"

सहा वर्षं झाली. अक्का अजून येते, पोराला पेढे आणते, दाराजवळच्या खुर्चीत बसते. मंजिरीच्या हातात काही देत नाही, टेबलावर ठेवते. मंजिरी पाया पडायला वाकली की पाय मागं घेते. एका वाक्याचं काम होतं. सहा वर्षांत मला ते जमलं नाही. दर वेळी लाज वाटते, आणि दर वेळी मी चहा ठेवायच्या निमित्तानं आत जातो.

परवा अक्का गेल्यावर मंजिरी भाजी निवडता निवडता थांबली. डोळे भरले होते तिचे.

"माझं नेमकं काय चुकलं, ते एकदा सांग ना."

मी म्हणालो, "तुझं काही नाही गं. अक्का पहिल्यापासूनच तुसडी आहे."