घरजावयाचा दोर

बेळगुंदीच्या मारुतीचं कार्ड गिरणी सुटल्यावर हातात पडलं. कार्डाचा एक कोपरा फाडलेला होता, म्हणजे कुणीतरी गेलं हे वाचायच्या आधीच कळलं. कोण, एवढंच कळायचं राहिलं होतं. कोकणातल्या आमच्या घरचं तर नाही ना, म्हणून मी आधी अक्षर पाहिलं. ते मारुतीचं वळण आहे असं दिसल्यावर, खोटं कशाला सांगू, क्षणभर हायसं वाटलं. मग मजकूर वाचला. "आप्पा गेले. आठ दिवस ताप हुता. तुझं नाव काढत हुते. जमलं तर ये." त्याला आता दीड महिना होत आला. ते हायसं वाटणं अजून माझ्या अंगावरून उतरलेलं नाही.

आप्पा म्हणजे बेळगावच्या शहापूरचे रुद्राप्पा विणकर. मी चौथीत शाळा सोडलेला माणूस, असलं काही लिहायची सवय नाही. पण त्यांच्यावर दुसरं कुणी लिहिणार नाही आणि मला जे सांगायचंय ते दुसऱ्या कुणाला ठाऊकही नाही. एकोणिसाव्या वर्षी घाट चढून मी शहापुरात काम शोधत आलो तेव्हा कुणाची ओळख नव्हती, चिठ्ठी नव्हती. तीन मागवाल्यांनी दारातूनच परत पाठवलं. चौथं दार आप्पांचं. ते माझ्याहून आठेक वर्षांनी मोठे असतील. त्यांनी मला आत घेतलं, माझे हात उलटेसुलटे करून पाहिले आणि आत बघून बायकोला कानडीत काहीतरी सांगितलं. मला वाटलं, हाही घालवून देतोय. तर गंगाक्का ताट घेऊन बाहेर आल्या. त्या दिवसापासून त्या मला तम्मा म्हणतात, म्हणजे धाकटा भाऊ. घरातली सगळी बोलणी कानडीत, पेठेतली मराठीत, आणि मी त्या दोन्हींच्या मधे कायम भेदरलेला... आपलं काहीतरी चुकणार आणि हे आपल्याला परत पाठवणार, असं रोज वाटायचं.

आणि चुकलंच. दुसऱ्याच दिवशी आप्पांचे चुलते मागावर बसले होते. ताणा जास्त ताणला गेला तेव्हा ते आम्हा सगळ्यांकडे बघत ओरडले, "बिड्री, बिड्री!" मी धावत कोपऱ्यावरच्या दुकानात गेलो आणि बिडी घेऊन आलो. सगळं घर पोट धरून हसलं. आप्पा मात्र उठून माझ्याजवळ आले. मागाच्या मागचा, ताणा ताणून धरणारा दोर त्यांनी माझ्या हातात दिला आणि म्हणाले, "हिडी म्हंजे धर. बिडो म्हंजे सोड रं. चारचौघांस्नी सांगायचं झालं तर बिड्री, सोडा. एवढं आलं की अर्धी कानडी आली तुला." तो दोर त्यांनी माझ्याकडून दहा वेळा धरून घेतला, दहा वेळा सोडून घेतला. त्यानंतर त्या शब्दाला मी कधी चुकलो नाही. हे वाचणाऱ्यांनी ध्यानात ठेवावं.

पुढं दोन-तीन वर्षांनी, लढाई सुरू व्हायच्या आधी, मारुतीनं कॅम्पातल्या कुणा साहेबाची टाकून दिलेली मोटार आणली. मारुती शेतकऱ्याचा पोरगा, पण त्याचा जीव सगळा इंजिनात. सूत पोचवायच्या निमित्तानं तो आमच्याकडं यायचा आणि आप्पांच्या मागापाशी तासन् तास बडबडत बसायचा. एकदा म्हणाला, "आप्पा, कोल्हापूर बघून येऊया की मोटारीतनं." आप्पा म्हणाले, "सोळा वर्सं माझं पाय ह्या मागाच्या खड्ड्यात हायत. बसल्या बसल्या रस्ता बघायला मिळत असंल तर मी मोटारीमागं खोली बांधून देतो." आणि बांधली की! मोडक्या धमणीची, म्हणजे बैलांच्या हलक्या गाडीची चाकं, सागाची चौकट, बांबूचे तट्टे, वर डांबर लावलेलं ताडपत्रीचं छप्पर. आत निजायला दोन फळ्या, भांड्यांना कप्पा, मागं अर्धं दार. ही खोली मोटारीला साखळदंडानं जोडायची. मारुतीनं तिला नाव ठेवलं घरजावई. "खातंय, निजतंय, काम करत न्हाय आन् दुसऱ्यानं वडत न्यायचं. दुसरं काय म्हणायचं मग!"

उतारावर घरजावई मोटारीच्या अंगावर येऊ नये म्हणून आप्पांनी त्याला रोध केला होता. आतून दोर ओढला की एक जाड लाकूड चाकाच्या लोखंडी धावेवर दाबून बसायचं. दोर सैल सोडला की लाकूड मागं. तो दोर माझ्याकडं दिला होता. "ह्याच्यासारखा दोर धरणारा सापडायचा न्हाय," आप्पा म्हणाले होते.

बेळगावहून आम्ही सकाळी निघालो. आप्पा मागच्या अर्ध्या दारात पाय बाहेर सोडून बसले होते. आयुष्यभर खड्ड्यात राहिलेले ते पाय रस्त्यावर लोंबत होते आणि आप्पा लहान पोरासारखे ते हलवत होते. वाटेतल्या गाडीवानांना हाका मारत होते. एकानं विचारलं, "कुठं निघालायसा खोली घेऊन?" तर म्हणाले, "भाडं परवडंना, दुसरं गाव बघायलोय!" संकेश्वरला नदीकाठी मुक्काम केला, गंगाक्कांनी दिलेल्या भाकरी आणि शेंगाचटणी खाल्ली. आप्पा पुन्हा पुन्हा मारुतीला विचारत होते, कोगनोळी कितीला येणार, कोगनोळीच्या पुढं संस्थानची हद्द, तिथं आडवतात काय... कोगनोळीच्या पुढं त्यांच्या घरातलं कुणीच कधी गेलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी तवंदीचा घाट उतरताना एका वळणावर समोरून तंबाखूच्या गाड्यांची रांग वर येत होती. मारुतीनं मोटार थांबवली. आप्पा उडी मारून उतरले, दोन्ही चाकांपुढं दगड लावले आणि मला ऐकू जाईल असं ओरडून म्हणाले, "दगड लावलेत रं, भ्यायचं काम न्हाय." मग त्यांना दिसलं की ताडपत्रीची एक पट्टी लाकडात आणि चाकात अडकलीय. म्हणाले, "जरा सैल कर, पट्टी काडतो." मी दोर सैल केला. घरजावई चार बोटं पुढं सरकून दगडावर टेकलं. चारच बोटं. पण बाजूच्या झडपेतून मला खालची दरी दिसत होती, आणि ती हलली. मी जीव खाऊन दोर ओढला.

"बिड्री! बिड्री!"

दुखताना माणसाच्या तोंडून घरातली भाषा येते. मारुती पुढं, मी आत, म्हणून त्यांनी आम्हा दोघांना मिळून हाक मारली होती. मी ती ऐकली. मला ती कळली. सोडा, सोडा... त्यांचा हात आत आहे हेही कळलं. आणि तरी मी दोर धरून राहिलो, कारण सोडला तर मी दरीत जाईन असं मला वाटत होतं. दगड लावलेत असं ज्यांनी सांगितलं होतं, त्यांच्या शब्दावर माझा विश्वास बसेना. मारुती धावत आला, दार उपटून आत शिरला आणि माझ्या मनगटावर बुक्की घातली, तेव्हा दोर सुटला.

आप्पा रस्त्यात बसले होते. उजवा हात काखेत घातलेला, तोंड पांढरंफटक. मारुती माझ्यावर धावून आला. "बहिरा हैस काय रं? एवढं वरडालेत त्ये, ऐकू येत न्हाय व्हय?" आणि माझ्या तोंडून निघून गेलं, "मला वाटलं... आप्पा बिडी मागतायत. बिडी रं, बिडी रं असं ऐकू आलं."

मारुती थांबला. शहापुरातली ती पहिली गंमत त्यालाही ठाऊक होती. त्याला हसावं की मारावं कळेना. आप्पांनी मान वर केली, माझ्याकडं पाहिलं. किती वेळ पाहिलं ते मला सांगता येणार नाही. मग म्हणाले, "बरोबर हाय त्याचं. मीच कानडीत वरडलो. कोकणातल्या माणसाला काय कळणार?"

निपाणीत डॉक्टरांनी अंगठ्याजवळची दोन बोटं बांधली. वाचतील पण वाकायची नाहीत, असं सांगितलं. दवाखान्याच्या बाहेर सगळीकडं तंबाखूचा वास भरलेला. मारुतीनं बिड्यांचं एक बंडल आणून माझ्या पुढ्यात टाकलं. "घे, आता तरी दे त्यास्नी!" आप्पा कधी बिडी ओढत नसत. त्या दिवशी त्यांनी डाव्या हातानं एक घेतली, पेटवली, ठसका लागला आणि ते हसले. कोगनोळी तिथून थोड्याच मैलांवर. आम्ही तिथून मागं फिरलो.

विणकराची उजव्या हाताची दोन बोटं म्हणजे काय, हे विणकराला सांगायला नको. तुटलेला धागा चिमटीत धरून गाठ मारायची ती याच बोटांनी. आप्पांनी दोन महिने प्रयत्न करून पाहिला. मग एक दिवस ते खड्ड्यातून वर आले आणि मला म्हणाले, "बस रं माझ्या जागी." त्यांच्या बापाचा तो माग. मी आजवर जे लुगडं विणायला शिकलो ते त्या मागावर, त्यांच्या बोटांच्या बदल्यात. ते शेजारी बसून डाव्या हातानं सुताच्या कांड्या भरायचे आणि माझी किनार चुकली की सांगायचे. त्यांच्या चुलीवरची भाकरी मी त्यांच्या पंगतीला बसून खात होतो.

याहून वाईट एक गोष्ट आहे. घाटातली ती गोष्ट मी सांगू लागलो. कुणाच्या लग्नात, जत्रेत, चार माग बंद असले की लोक म्हणायचे, "कोकण्या, ती बिडीची सांग की." पहिल्यांदा दोन वाक्यांत उरकली. मग सरावलो. पुढं तर मी तिच्यात भर घालायला लागलो, की मी खिशात काडेपेटी चाचपत होतो, की मी आतून विचारलं, आप्पा, पेटवून देऊ काय? लोक लोटपोट व्हायचे. आप्पाही तिथंच बसलेले असायचे. ते हसायचे, पण माझ्याकडं न बघता.

दीड वर्षानं मी सोलापूरच्या गिरणीत आलो. जास्त शिकायला मिळेल असं सांगितलं. खरं म्हणजे रोज सकाळी त्यांचं ते डाव्या हातानं कांडी भरणं मला बघवत नव्हतं. म्हणजे दोर धरायचा तेव्हा धरून बसलो आणि माणूस धरायचा तेव्हा सोडून पळालो.

शेवटची भेट दोन वर्षांपूर्वीची. गावाहून परतताना मी मुद्दाम शहापुरात उतरलो. सांगायचं असं ठरवूनच गेलो होतो. आप्पा ओट्यावर सूत उलगडत होते. मी म्हटलं, "आप्पा, तवंदीच्या घाटात त्या दिवशी..."

"बिडो," ते म्हणाले.

"नाही, मला सांगायचंच आहे."

"बिडो म्हटलं न्हवं? का परत बिडी आणून देतोस?" आणि ते मोठ्यानं हसले. मी त्यांच्यासमोर बसून सुताची लड धरली. त्यांना काहीच ठाऊक नाही, असं समजून मला पुन्हा हायसं वाटलं. माझं सगळं आयुष्य असं हायसं वाटण्यात गेलं.

रजा मिळाल्यावर गेल्या महिन्यात शहापूरला गेलो. मारुती आला होता. गंगाक्कांनी माझ्या पाठीवरून हात फिरवला आणि चहा टाकायला आत गेल्या. परसात घरजावई अजून उभं आहे. मोटार मारुतीनं लढाईत विकली, पेट्रोलच मिळेना. ही खोली मात्र आप्पांनी मोडू दिली नाही. आत सुताच्या लडी ठेवल्यात. मी आत चढलो. दोर जुन्याच जागी होता, पण त्याची जोडणी निराळी दिसली. एक भला मोठा दगड खाली टांगलेला, आणि त्याच्या वजनानं लाकूड आधीच चाकावर दाबून बसलेलं.

"उलटं केलंय त्येनी," मारुती बाहेरून म्हणाला. "तू सोलापूरला गेल्यावर वरीसभर त्या हातानं खुडबुड चाललेली. आता दोर वडला की दगड वर जातोय आन् चाक मोकळं. सोडलं की बंद. मी म्हटलं, आप्पा, असला उलटा रोध कुणी करतंय व्हय? तर म्हणाले, भ्यालेला माणूस सोडत न्हाय रं, घट्ट धरून ठेवतो. म्हणून धरलं की सुटंल असंच करून ठेवायचं. पुढच्या खेपेला कोगनोळीच्या पुढं जायचं हाय की, म्हणाले. मी इचारलं, कोण भ्यालं हुतं? तर दोराची गाठ आवळत बसले."

मी दोर दोन्ही हातांनी ओढला. दगड वर उचलला गेला आणि लाकूड धावेपासून अलगद सुटलं. मधे चार बोटं राहतील एवढी जागा झाली.

"मारुती," मी म्हटलं, "मला त्या दिवशी कळलं होतं. बिडी न्हवतं ऐकू आलं. मी भ्यालो होतो."

मारुती चाकाजवळ उकिडवा बसून त्या फटीकडं बघत राहिला. मग म्हणाला, "लई वर्सं हसलो रं आमी."

माझे हात भरून आले होते, पण दोर सोडवेना. गंगाक्का चहा घेऊन मागच्या दारात आल्या. आमचं बोलणं त्यांनी किती ऐकलं, मला माहीत नाही. म्हणाल्या, "बिडो तम्मा. चहा गार व्हायलाय."

या खेपेला मी पहिल्या हाकेला सोडला. दगड खाली आला आणि लाकूड हळूच चाकाला जाऊन टेकलं.