दादाच्या घड्याळातली माझी पिन

दादा गेल्याचं मला मोबाइलवरच्या स्टेटसवरून कळलं. सख्ख्या बहिणीला! चहाचं आधण ठेवून सहज फोन बघितला, तर भाच्यानं, म्हणजे दादाच्याच हर्षदनं, बापाचा फोटो टाकलेला. खाली रडके चेहरे, मागे कसलंसं गाणं. आत्याला फोन करायला त्याला सुचलं नाही, पण गाणं निवडायला बरं सुचलं! पनवेलहून रिक्षानं करंजाड्याला पोचेपर्यंत मी रडलेसुद्धा नाही, इतका संताप आला होता. दोन दिवसांनी चौकात फ्लेक्स लागला. कडेनं हात जोडलेले पुढारी, त्यातल्या निम्म्यांनी दादाला डोळ्यांनी पाहिलंही नसेल, आणि मधोमध दादा. गळ्यात दोरखंडासारखी साखळी, मनगटावर सोन्याचं घड्याळ. दोन्ही कम्प्युटरवर चिकटवलेली. "बरं दिसावं म्हणून टाकलं गं आत्या," हर्षद म्हणाला. मला शिसारी आली. दादानं उभ्या आयुष्यात एकच घड्याळ वापरलं, साधं स्टीलचं. आज काही आठवडे उलटल्यावर लिहायला बसले आहे ते त्या घड्याळाबद्दल. कौतुकानं नव्हे हं… मला त्या घड्याळाची पहिल्यापासून किळस होती.

आम्ही मूळचे उलव्याकडचे मिठागरवाले. बाबा आणि दादा वेळ बघायचे ती भरती-ओहोटीवर. मग विमानतळासाठी जमीन गेली, गाव उठला, आणि दादानं करंजाड्याला घर बांधलं. मोबदल्याच्या पैशांतून गावच्या बाप्यांनी सोन्याच्या साखळ्या केल्या, गाड्या घेतल्या. दादानं घड्याळ आणलं. म्हणाला, "आता भरती बघायची नाय, तर वेळ तरी बघू." पट्टा सैल होता, हात खाली केला की घड्याळ थेट बोटांवर यायचं. दुकानात नेलं असतं तर उभ्या उभ्या काम झालं असतं. पण नाही! आपली वस्तू दुसऱ्याच्या हातात द्यायची नाही, हा आमच्या घराण्याचा रोगच आहे. बनियनवर ओट्यावर बसून, वहिनीचं तांदूळ निवडायचं सूप मांडीवर घेऊन, दाभण आणि हातोडीनं यानं कड्या काढल्या. कडीतल्या पिनेवर जिऱ्याएवढी एक नळी असते आणि तीच पिनेला धरून ठेवते, हे त्याला कुठून माहीत असणार? नळी सुपात पडली. संध्याकाळी वहिनीनं त्यात तांदूळ घेतले आणि खड्यांबरोबर नळीही पाखडून टाकली.

पुढे काय व्हायचं तेच झालं. पनवेलच्या मासळी बाजारात पिन सरकली आणि घड्याळ सुटून बोंबलांच्या टोपलीत. टोपलीवाली मावशी म्हणाली, "दादा, ह्येबी तोलू का?" ते तसंच खिशात टाकून स्वारी थेट माझ्या घरी. मी शाळेच्या वह्या तपासत बसले होते. घरभर बोंबलाचा वास, आणि हा माझ्याच टेबलावर घड्याळ ठेवतो! वर काडीनं कड्यांच्या खाचेतला काळा मळ कोरतो, आणि… लिहितानाही अंगावर काटा येतो… तो मळ नाकाशी नेतो.

"शी! दादा!"

"आपलाच घाम हाय नं बाय. मिठागरातला."

"मिठागर जाऊन किती वर्षं झाली!"

"तरी हाय," म्हणाला आणि हसला.

मग माझ्या अंबाड्यातली पिन न विचारता उपसली, पकडीनं तिचा तुकडा तोडला आणि दातात धरून त्याला किंचित बाक दिला. नळी नसली तरी वाकडी पिन आत घट्ट बसते, हा त्याचा शोध. थुंकीनं ओली झालेली माझी पिन त्या कडीत ठोकली आणि मनगट माझ्या तोंडासमोर हलवून दाखवलं. मी टेबल फिनेलनं पुसून काढलं.

त्यानंतर ते घड्याळ कधी सुटलं नाही. सुटू लागला तो दादाच. पोटाचं दुखणं निघालं आणि हात काडीसारखे झाले. पट्टा सैल झाला की एकेक कडी निघायची आणि बामच्या रिकाम्या डबीत जायची. शेवटची कडी मी काढली, कारण त्याच्या बोटांत दाभण ठरेना. नखात तो मळ गेला, मी शी शी करत बोट झटकलं आणि तो पडल्या पडल्या हसत होता. दोन्ही बाजूंच्या कड्या निघत गेल्या, पण माझ्या पिनेच्या कडीला त्यानं हात लावू दिला नाही. "ती राव दे. तीच पक्की हाय." मग डबी माझ्या हातात दिली. "अंगावर मास चढला की परत लावायच्यात. तू सांभाळ. हर्षद फेकून देल."

मी हो म्हटलं. आम्हां दोघांनाही ठाऊक होतं काय ते… पण त्या कड्या परत लागाव्यात, दादाच्याच हातावर लागाव्यात, यासाठी मी देवासमोर डबी ठेवत होते. बामचा वास येणारी, मळानं बरबटलेली डबी, देवासमोर! सासूबाई असत्या तर मला घराबाहेर काढलं असतं.

तेराव्याला हर्षदनं डबी मागितली. "आत्या, पप्पांचं घड्याळ मी घालणार. मला पट्टा लहान होतो." वहिनी म्हणाली, द्या. बापाचं घड्याळ लेकानं घालायचं नाही, तर कोणी? मी दिली, आणि घरी येऊन धुसफुसत भांडी घासली.

परवा तो घड्याळ दाखवायला आला. मॉलमधल्या दुकानात मशीनमध्ये धुऊन आणलेलं. पॉलिश, नव्या पिना, सगळ्या कड्या जागच्या जागी. गोरंगोमटं, बिनवासाचं, फ्लेक्सवरच्यासारखं. जन्मभर मला त्याचा मळ नकोसा होता, पण त्या चकचकाटाची जी किळस आली ती त्या बोंबलांच्या दिवशीही आली नव्हती.

"फक्त एक कडी राहिलीय," तो ओशाळून म्हणाला. "कुणीतरी वाकडी पिन ठोकलीय, निघतच नाही. नवी कडी मागवलीय. सध्या घाण दिसतं ना ते?"

"घाणच आहे," मी म्हटलं. "नवी आली की जुनी मला आणून दे. आणि आता ते घड्याळ इकडे आण, आणि चहा टाक जा."

तो आत गेला. पिनेभोवतीच्या खाचेत मळाची काळी रेघ अजून होती. मी नखानं कोरली. दाराकडे एकदा बघून घेतलं आणि बोट नाकाशी नेलं…

शी! दादा!