जात्यावर म्हटलेलं वचन

धाकट्या जावेनं चार पाहुण्यांसमोर माझ्या भाकरीला 'जाड' म्हटलं आणि आम्हा दोघींचं बोलणं बंद झालं. ती गुलबर्ग्याकडची, कागदासारखी पातळ भाकरी थापणारी. मी उदगीरकडची, आमच्याकडे भाकरी पोट भरायला करतात. गुलबर्ग्याजवळच्या आळंदच्या त्या घरात आम्ही दोघीच सुना. अबोला इतका ताणला की सासऱ्यांनी, म्हणजे अप्पांनी, कंटाळून सोमवारपासून चुली वेगळ्या करायचं ठरवलं. वरवर मी खूश होते. आतून मात्र मला ते नको होतं, कारण त्या घरात मन मोकळं करायला मला तिच्याशिवाय कुणी नव्हतं.

अबोला असला तरी दळण थोडंच चुकतं? पहाटे एकाच जात्याच्या खुंट्याला दोघींचे हात आणि तोंडं दोन दिशांना. सासूबाई दळताना कानडी वचनं, म्हणजे आपल्या अभंगांसारखी देवाची पदं, म्हणत. आमच्या घरात मराठी, बाजारात कानडी आणि पुरुषांना कचेरीत सरकारी उर्दू. मला मेलीला मराठीपलीकडे काही येत नव्हतं, पण दोन वर्षं ऐकून वचनं पाठ झाली होती. पाठ झालं म्हणजे कळलं, अशी माझी समजूत! त्यातलं एक वचन सासूबाई कुणावर चिडल्या की हमखास म्हणत, कपाळाला आठ्या घालून. मी ताडलं, हे झाडायचं वचन. झालं, मला आयतंच हत्यार मिळालं. आठवडाभर रोज पहाटे डोळे वटारून, खड्या आवाजात ते मी जावेच्या अंगावर सोडत होते. ती मान खाली घालायची. बरी जिरली, असं मला वाटायचं.

रविवारी तिनं मध्येच जातं थांबवलं. तिचे डोळे भरून आले होते.

"अक्का, रोज रोज माफी कामून मागायलीस? तू थोरली. मला लाज वाटायलीय."

"माफी? कसली माफी?"

तिनं मोडक्यातोडक्या मराठीत अर्थ सांगितला. 'गावातल्या साऱ्या विहिरींना कडू म्हणत फिरले, देवा, आणि कडूपणा माझ्याच जिभेवर होता.' म्हणजे सासूबाई ते कुणाला झाडायला नव्हे, स्वतःचा राग गिळायला म्हणत होत्या!

गप्प राहिले असते तर खपून गेलं असतं. पण तिच्या तोंडाकडे बघून खोटं बोलवेना.

"अगं, मी तुला शिव्या घालत होते," मी सांगून टाकलं.

तिचा चेहरा उतरला. "म्हंजे माफी न्हाईच?" तिनं जात्याभोवतीचं पीठ बोटांनी गोळा केलं. मग म्हणाली, "आता अर्थ कळला न्हवं? आता म्हण."

मी म्हणायला गेले. आठवडाभर सगळी गल्ली जागवणारा माझा आवाज पहिल्याच ओळीला फुटेना. हुंदकाच आला. फार लाज वाटली मला.

तिनं खुंट्यावरच्या माझ्या हातावर हात ठेवला. "ऱ्हाऊ दे, अक्का. दळण झालं की मी अप्पांना सांगते, चूल एकच ऱ्हाऊ द्या म्हून."